चार वाजताची बंगई

१९७८ सालच्या चैत्रात, वऱ्हाडातल्या तळणगावी, मी ज्या घरात हळदीकुंकवाला म्हणून शिरले त्या घरातल्या डॉक्टरविरुद्ध आम्ही फिल्म करत होतो. माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. तिच्यात वर अर्धवट विणलेला स्वेटर, खाली रेकॉर्डर. एप्रिलच्या त्या उन्हात स्वेटर कोण विणतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

दारात मनगटाला अत्तर लागलं, अंगावर गुलाबपाणी पडलं.

"ह्या कोण?" एका म्हाताऱ्या काकूंनी विचारलं.

"माझ्या मामेबहिणीची नणंद. पुण्याची," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या डॉक्टर नेरकरांच्या पत्नी. मला त्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होत्या, पण आवाज जराही अडखळला नाही.

"पुण्यात थंडी असते का गं आत्ता?" काकू माझ्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, आणि दहा-बारा बायका हसल्या.

घर मोठं, सरकारी, कौलारू. बैठकीत पितळी कड्यांची लांबरुंद सागवानी बंगई टांगलेली. आम्ही पुण्याकडे झोपाळा म्हणतो, तिकडे बंगई. चैत्रगौर मात्र खाली पाटावर बसवली होती. समोर कलिंगडाची कमळं, करंज्या, हरभऱ्याची ओटी, सगळं जिथल्या तिथं.

"मंदे, गौर खाली कशी?" काकूंनी विचारलं. "एवढी बंगई असून देवीनं जमिनीवर बसायचं?"

"कडी सैल झालीय, काकू."

"मागल्या वर्षी पण सैलच होती."

"लोहार मिळत नाही."

"डॉक्टरला लोहार मिळत नाही, तर आम्हाला काय मिळणार?" पुन्हा हसणं.

मी बंगईजवळच टेकले होते. पन्ह्याची वाट बघता बघता, हाताला चाळा म्हणून, मी फळीला हलकंच ढकललं. बंगई एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. किर्र. किर्र. तेवढ्यात मंदाकिनीबाई हातातल्या तबकासकट खोली ओलांडून आल्या आणि त्यांनी मांडीनं ती अडवली. दोन पेले कलंडले. पन्हं त्यांच्या पातळावर सांडलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"रिकामी बंगई हलवू नये," त्या म्हणाल्या.

"घरात भांडणं होतात," काकूंनी मला समजावलं. "पुण्यात सांगत नाहीत वाटतं."

मी माफी मागितली. फळी थांबली तरी बाईंचा हात तिच्यावर तसाच होता, जसा आपण अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो.

आम्ही तिथं कशासाठी आलो होतो, ते आधी सांगायला हवं. तळणगावात भास्कर उमाळे नावाचे एक पत्रकार होते. 'पडताळा' नावाचं चार पानी साप्ताहिक ते स्वतः लिहायचे, स्वतः जुळवायचे आणि पायानं चालवायच्या यंत्रावर स्वतःच छापायचे. चष्म्याची एक काच तडकलेली, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. घरावर तीनदा झडती आल्यापासून महत्त्वाचे कागद ते दुधाच्या किटलीत ठेवून हिंडत. "पोलीस सगळं उघडतात," ते म्हणायचे, "पण दुसऱ्याच्या दुधात हात घालत नाहीत."

त्या किटलीत दोन कागदांच्या नकला होत्या. एक, सप्टेंबर १९७६ मधल्या सरकारी नसबंदी शिबिराच्या नोंदवहीची. तिच्यात चाळिसावं नाव गिरजाचं, निंबखेडच्या एका मजूर बाईचं. पुढे लिहिलं होतं, 'प्रकृती उत्तम. स्वतःहून घरी गेली.' खाली अंगठा. दुसरी नक्कल स्मशानाच्या वहीची, तारीख तीच. 'बेवारस स्त्री, वय अंदाजे पंचवीस, पोटावर ताजे टाके.'

उमाळ्यांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी छापल्या आणि विचारलं, शाळेतल्या शिबिरातून स्मशानापर्यंत ही बाई चालत कशी गेली? सरकारनं चौकशी केली. काही आढळलं नाही. शिबिर घेणाऱ्या डॉक्टर नेरकरांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. बेवारस बाई म्हणजेच गिरजा, हे दाखवणारा एकही साक्षीदार नव्हता. तो मिळाला नाही तर उमाळ्यांना दोन वर्षांची शिक्षा आणि 'पडताळा'ला कुलूप.

ते त्यांचं झालं. गिरजाची आई बयाबाई, तिचं वेगळंच होतं. आमचे दिग्दर्शक वामन केळुस्कर यांनी तिला कॅमेऱ्यासमोर विचारलं, "तुम्हाला काय मिळावं असं वाटतं?" ती म्हणाली, "काई नको, बापा. कागदावर लिवलं हाये का ते आपल्या पायानं गेली. आपल्या पायानं गेली अन् घरी नाई आली, मंग गाव काय म्हन्ते? पयाली म्हन्ते. जावयानं दुसरी केली. धाकलीचं जमलेलं लगीन मोडलं. मायी गिरजा पयाली नाई, एवढं कोनी लिवून द्या."

पळून गेली नाही, एवढंच. पण ते लिहून द्यायला कुणीतरी हवं होतं. आणि गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी उमाळ्यांच्या दाराखालून एक चिठ्ठी आत आली. 'मला माहीत आहे. पण बाईमाणूस पाठवा.' खाली सही नव्हती. चिठ्ठी हळदीकुंकवाच्या आमंत्रणाच्या पाठीवर लिहिली होती आणि पुढच्या बाजूला पत्ता छापलेला होता. आमच्यात बाईमाणूस मी एकटी. माझं काम आवाज टिपण्याचं. त्या काळी या कामात बायका नव्हत्याच. लोक मला कॅमेरामनची बायको समजत आणि कॅमेरामन फ्रान्सिस ते नाकारायची फारशी घाई करत नसे.

साडेतीनला बायका पांगल्या. डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेले होते, सात वाजेपर्यंत येणार नव्हते. मंदाकिनीबाईंनी दार लावलं आणि त्या बंगईसमोर खाली बसल्या. बंगईवर नाही.

"माझा आवाज कुठंच राहता कामा नये," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐका, उमाळ्यांना ऐकवा आणि जाळून टाका."

"शब्द देते," मी म्हटलं. "तुमचे शब्द फिल्ममध्ये मी माझ्या आवाजात बोलेन."

"मला दुसरं घर नाही. भाऊ आहे अकोल्याला, पण त्याचं घर म्हणजे वहिनीचं घर."

मी यंत्र सुरू केलं. त्या बोलायला लागल्या, गावची हकिगत सांगावी तशा.

"चाळीस बायकांचा आकडा दिला होता वरून. एकोणचाळीस झाल्या. गिरजा चाळिसावी. अंगात ताप होता तिच्या, सांगत होती ती. अकराला ऑपरेशन झालं. दुपारी पोट फुगलं. चारला मंत्री शिबिर बघायला येणार होते. म्हणून यांनी तिला जीपमधून इथं आणलं, मागच्या दारानं. खाट वर माडीवर होती, म्हणून बंगईवरच निजवलं. 'मंत्री गेले की बघतो' म्हणाले आणि गेले. ड्रायव्हरही गेला. मी राहिले."

त्या थांबल्या. फीत फिरतेय ना, ते मी पाहिलं.

"ती म्हणाली, 'बाई, हालवा ना जरासं. बरं वाटते.' म्हणून मी खाली बसून, इथं, पायानं बंगई हलवत राहिले. माझ्याशी बोलली थोडं. धाकट्या बहिणीच्या लग्नात बांगड्या कुठल्या भरायच्या ते. मग गप्प झाली. मला वाटलं, डोळा लागला. घड्याळात चारचे ठोके पडले, तरी मी हलवतेच आहे. हलवतेच आहे. पाचला हे आले. त्यांनी बंगई धरून थांबवली आणि म्हणाले, 'मंदा, रिकामी बंगई हलवतेस?'"

बाहेर उन्हात कावळासुद्धा ओरडत नव्हता.

"मग नोंदवही काढली. म्हणाले, तिचा हात तू धर, मी वही धरतो. मी धरला. शाई मी लावली. अंगठा मी टेकवला."

संपलं, अशी त्यांनी मान हलवली. तेव्हा मी माझं नेहमीचं सांगितलं. आमच्या कामात एक रीत आहे. ज्या जागी बोलणं टिपलं, तिथं बोलून झाल्यावर एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं आणि यंत्र चालू ठेवायचं. दोन जागांची शांतता सारखी नसते. विहिरीकाठची वेगळी, वर्गातली वेगळी. पुढे फिल्म जोडताना वाक्यांच्या मधल्या फटी त्याच जागेच्या शांततेनं भराव्या लागतात, नाहीतर कानाला टाके दिसतात. माझ्या डब्यात अशा शांततेच्या फिती नावं लिहून ठेवलेल्या असत. फ्रान्सिस त्यांना 'कुमुदचं लोणचं' म्हणायचा.

"एक मिनिट अजिबात हलू नका," मी म्हटलं आणि हेडफोन नीट बसवले.

पहिली काही सेकंदं नुसती खोली होती. मग किर्र. थोडं थांबून, किर्र. पुढे, मागे. कडीत कडी घासल्यासारखं.

मी मान वर केली. बंगई माझ्यापासून तीन हातांवर होती. तिच्यावर कुणी नव्हतं आणि ती हलत नव्हती. साखळीला बांधलेला मोगऱ्याचा गजरासुद्धा हलत नव्हता. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. खोलीत काही आवाज नाही. पुन्हा लावला. किर्र. किर्र.

मंदाकिनीबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या कानाला काही लावलेलं नव्हतं.

"चार वाजले असतील," त्या म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळानं ठोके द्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी उमाळ्यांच्या छापखान्यात आम्ही ती फीत ऐकली. बाईंचं सगळं बोलणं संपेपर्यंत उमाळ्यांनी तोंडात टाकलेला शेंगदाणा चावला नव्हता. शेवटच्या मिनिटात आवाज आला. माझ्या मनाला वाटत होतं की फितीवर नसेल. होता, स्पष्ट होता.

"त्या हलवत होत्या का बंगई?" वामननं विचारलं.

"नाही."

"वारा?"

"नाही रे."

"मग तुझं यंत्र तेल मागतंय."

फ्रान्सिसनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. उमाळ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. नंतर म्हणाले, "कुमुदबाई, हे फिल्ममध्ये जाता कामा नये. तिचा आवाज नाही, बंगईचा नाही, बंगई हा शब्दसुद्धा नाही. जेवढं जीपच्या ड्रायव्हरला कळू शकलं असतं तेवढंच घ्या. शिबिरातून एका घरी नेलं, चार वाजता ती वारली, अंगठा नंतर घेतला. प्रेतही त्याच जीपनं गेलं असणार, आणि ड्रायव्हर गेल्या वर्षी आखातात गेलाय. डॉक्टरला वाटू द्या की तो बोलला. त्याचं ते काही वाकडं करू शकत नाहीत."

"पण भास्करराव," वामन म्हणाला, "ह्या बाईंना कोर्टात उभं केलं तर तुम्ही सुटता. नुसत्या निनावी आवाजाला कोर्ट काय किंमत देणार?"

"ते मला कळत नाही का जी?"

"त्यांना एकदा विचारून तरी बघू."

"विचारायचं नाही," उमाळे म्हणाले. "विचारलं की नाही म्हणायचं ओझं तिच्यावर. तिनं जेवढं दिलं तेवढंच आपलं."

त्याच रात्री छापखान्यामागच्या बंबात मी ती फीत जाळली. उमाळे शेजारी उभे होते. फीत जळताना वेटोळं घालते आणि घाण वास सुटतो. त्यानंतर मी छापखान्यातली, यंत्र बंद असतानाची एक मिनिट शांतता टिपून घेतली. बाईंचे शब्द मी पुण्यात माझ्या आवाजात बोलणार होते, त्याखाली हीच घालणार होते. पुण्याला गेल्यावर तसंच केलं. हेडफोन लावून वीसदा ऐकलं. माझा आवाज, त्याखाली छापखाना. दुसरं काही नाही.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी दहाला तळणगावच्या वाचनालयाच्या सभागृहात आम्ही फिल्म दाखवली. खटल्याची तारीख मंगळवारची होती. खिडक्यांना काळी कापडं ठोकली होती. पावसानं चार दिवस उघडीप दिलेली, आत घामाचा आणि नव्या कापडाचा वास. बयाबाई निंबखेडहून धाकट्या मुलीला घेऊन आली होती आणि खुर्च्या असूनही खाली बसली होती.

दहाला पाच कमी असताना डॉक्टर नेरकर आले. पांढरा शर्ट, घड्याळ, सोबत वकील. आणि सोबत पत्नी.

"सहकुटुंब आलोय, उमाळे," ते हसत म्हणाले. "आपल्यावरचा सिनेमा रोज थोडाच निघतो."

"बसा ना जी," उमाळे म्हणाले. "पहिली रांग तुमचीच."

मंदाकिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या हातात रुमाल होता आणि त्या त्याची बारीक घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

मी मागे, यंत्राजवळ उभी राहिले. फिल्म सुरू झाली. उमाळे सायकलवरून किटली घेऊन जाताना दिसले तेव्हा लोक हसले. दोन वह्यांची पानं शेजारी शेजारी आली तेव्हा गप्प झाले. बयाबाई पडद्यावर बोलली आणि खाली बसलेल्या बयाबाईनं पदर तोंडाला लावला. मग शाळेचा रिकामा व्हरांडा आला आणि त्यावर माझा आवाज.

'तिला शिबिरातून एका घरी नेलं. चारला मंत्री येणार होते.'

डॉक्टर वकिलाकडे झुकून काहीतरी बोलले. वकिलानं वहीत टिपून घेतलं. ते अगदी शांत होते. ड्रायव्हर, असंच ते म्हणाले असणार. आमचा बेत बरोबर लागू पडत होता.

'तिला ताप होता. पोट फुगलं होतं. चार वाजता ती गेली.'

इथं मी पंधरा सेकंद जागा सोडली होती. खाली फक्त बंद छापखान्याची शांतता.

किर्र.

मी यंत्राकडे पाहिलं. फिल्म नीट चालली होती.

किर्र. पुढे, मागे. किर्र.

मी शेजारी वामनकडे बघितलं. तो जांभई देत होता. फ्रान्सिस भिंतीला टेकून नखं बघत होता. सगळ्या सभागृहात एकही माणूस चुळबुळ करत नव्हता. मग मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात मंदाकिनीबाईंच्या हातातला रुमाल थांबलेला दिसत होता. आणि डॉक्टरांची मान हळूहळू डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरत होती. जाणाऱ्या-येणाऱ्या वस्तूवर नजर असावी तशी.

ते हलक्या आवाजात बोलले, पण त्या पंधरा सेकंदांत सभागृह इतकं गप्प होतं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मंदा, बंगई थांबव."

बाई हलल्या नाहीत.

"बंगई थांबव म्हणतोय ना," डॉक्टर म्हणाले, आता मोठ्यानं. "कोणीतरी थांबवा ती. तिच्यावर आता कोणी नाही."

वकिलानं त्यांचा हात धरला. त्यांनी तो झटकला आणि उभे राहिले, हात पुढे करून, हवेत काहीतरी अडवायला निघाल्यासारखे. त्यांची सावली पडद्यावरच्या व्हरांड्यात पडली.

उमाळ्यांनी दिवे लावायला सांगितले. दिवे लागले. माझ्या कानातला आवाज तेव्हाच बंद झाला. डॉक्टर सगळ्यांसमोर हात पुढे करून उभे होते, आणि आपण कुठं आहोत हे त्यांना तेव्हा समजलं.

"डॉक्टरसाहेब," उमाळे सावकाश म्हणाले, "बंगई कोणती?"

"काय?"

"फिल्ममध्ये बंगई नाही. एका घरी नेलं, एवढंच आहे. घरात तिला कुठं निजवलं होतं ते त्यात नाही. तुम्ही कोणती बंगई म्हणता?"

"माझ्या अशिलांची तब्येत बरी नाही," वकील म्हणाले.

डॉक्टरांनी पुढे केलेले हात खाली घेतले. तेवढ्यात खाली बसलेली बयाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. तिनं उमाळ्यांकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही नाही. कुणालाच उद्देशून नाही, असं तिनं विचारलं.

"कोन्त्या बंगईवर होती वं मायी लेक?"

मग मंदाकिनीबाई उठल्या. रुमाल त्यांनी खुर्चीवर ठेवला.

"आमच्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातल्या. माझ्याजवळ होती ती शेवटपर्यंत. ती कुठं पळून गेली नाही, आई."

बयाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग धाकट्या मुलीला म्हणाली, "आयकलं ना? सगळ्याइनं आयकलं ना?" आणि पुन्हा खाली बसली.

मी सभागृहाबाहेर येऊन वामनला गाठलं. "तुला आवाज आला?"

"कसला?"

"कडीचा."

"कुमुद, तो माणूस मनातून पोखरलेला होता. चार वाजले म्हटल्याबरोबर फुटला. आवाज कसला?"

मी त्याला पुढे काही बोलले नाही. कारण एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, आणि उमाळ्यांनाही नाही. बंबात मी बाईंचं बोलणं जाळलं, सगळं जाळलं. पण शेवटचं ते एक मिनिट जाळलं नव्हतं. जाळण्याआधीच, उमाळ्यांच्या नकळत, अंधारात कात्रीनं तेवढा तुकडा कापून मी पदरात बांधला होता. त्यात बाईंचा आवाज नाही, म्हणजे शब्द मोडला नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. आवाज टिपणाऱ्या माणसाला तसला आवाज जाळता येत नाही. आता मला वाटलं, माझ्याच हातून लोणच्याची बरणी बदलली. छापखान्याच्या जागी हा तुकडा मीच जोडला, आणि त्या बाईंचा संसार मीच मोडला.

पुण्याला पोचल्यावर आधी डबा उघडला. तुकडा होता तिथंच होता, मी बांधलेल्या दोऱ्यासकट. दोरा सोडलेला नव्हता. मग फिल्मचा आवाज पुन्हा लावून ऐकला. माझा आवाज, त्याखाली छापखाना. त्या पंधरा सेकंदांत काही नाही.

तुकडा मात्र मी लावून ऐकला नाही. डबा बंद केला.

मंगळवारी मंदाकिनीबाईंनी कोर्टात साक्ष दिली. अंगठा कुणी टेकवला हेही सांगितलं, कुणी विचारलं नसताना. उमाळे सुटले. पण त्यानंतर 'पडताळा'ला जाहिरात द्यायला तालुक्यात कुणी धजेना आणि चार वर्षांनी तो बंद पडला. पुढे ते शाळकरी मुलांच्या वह्या छापून पोट भरत. १९९१ साली गेले. किटली त्यांच्या पुतण्याकडे आहे, तो तिच्यात दूधच ठेवतो.

डॉक्टर नेरकरांना शिक्षा झाली नाही. निलंबन, मग अपील, मग लांबची बदली. निवृत्तीनंतर ते नागपूरला मुलाकडे राहत. शेवटी शेवटी ते खुर्चीतसुद्धा बसत नसत, म्हणत, हलते. हे त्यांच्या सुनेनं सांगितलं. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

वामननं त्यानंतर साबणाच्या आणि पंपांच्या जाहिराती केल्या, त्या चांगल्या चालल्या. आमची फिल्म सगळी मिळून तेरा वेळा दाखवली गेली. फ्रान्सिस वसईला परत गेला. मरेपर्यंत दरवर्षी त्या रविवारी तो कुणाच्या तरी नावानं मेणबत्ती लावायचा. गिरजाचं नाव त्याला नीट उच्चारता यायचं नाही.

बयाबाईला दोन वर्षांनी सरकारी दाखला मिळाला. 'गिरजा, मयत.' तिनं तो काच लावून देवांच्या शेजारी टांगला होता. तिला वाचता येत नसे, पण आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवायची, "हे पाहा. पयाली नाई." धाकटीचं लग्न त्याच वर्षी झालं. बांगड्या मंदाकिनीबाईंनी भरल्या, हिरव्या, गिरजानं सांगितलेल्या.

मंदाकिनीबाई अकोल्याला वहिनीच्या घरी राहिल्या आणि त्यांनी बालवाडी चालवली. मी एकदा त्यांना भेटायला गेले होते. दारात उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "तुम्हालाही आला होता ना ऐकू?"

"हो."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि मला आत घेतलं. पुढे कधीच तो विषय निघाला नाही. २००४ साली त्या गेल्या.

मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी जुन्या फिती जतन करणाऱ्या एका संस्थेतल्या बाई घरी आल्या. माझे सगळे डबे त्यांनी उघडले, फिती पुसल्या, एकेक यंत्रावर लावली. विहिरीकाठ. वर्ग. छापखाना. शेवटी दोऱ्यानं बांधलेला तो तुकडा निघाला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांनी दोरा सोडला, तुकडा लावला, ऐकला, पुन्हा ऐकला.

"कुमुदताई, ह्यावर काहीच नाही हो. एक मिनिट नुसती खोली आहे. शेवटी घड्याळाचे चार ठोके, बस्स. ठेवायची का?"

मी हेडफोन मागून घेतले आणि कानांना लावले. खरंच नुसती खोली होती. बैठक, ऊन, बंद दार. मग चार ठोके. त्याआधी, त्यानंतर, काही नाही.

"ठेवा," मी म्हटलं.

"नाव काय लिहू डब्यावर?"

हेडफोन काढून मी त्यांच्या हातात दिले.

"लिहा, नेरकरांची बंगई, रिकामी."